लाल कार्नेशन

चेर्निवत्सीच्या बाजारात पारास्काच्या फुलांशेजारी माझं मधाचं टेबल होतं. सतरा वर्षं. रंगांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. प्रेयसीसाठी कुणी पिवळी ट्यूलिप उचलली, की ती त्याच्या हातातून काढून घ्यायची. पिवळा म्हणजे ताटातूट. पांढरा म्हणजे ओळख नुकतीच झालीय, गुलाबी म्हणजे अजून बोलायचं धाडस नाही, आणि लाल म्हणजे सगळं सांगून टाकलं. फुलं विषमच द्यायची. सम संख्या कबरीसाठी.

शाळेत भूमिती शिकवणारा झेनोवी तिच्याकडे आला, तो मार्च महिना होता. चाळिशीचा, बुजरा माणूस, वर्षभरापूर्वी कोलोमियाहून बदलून आलेला. पोस्टातल्या मिरोस्लावाला मागणी घालायची होती. तो गुलाबी फुलं मागत होता.

"मास्तर, तुमचं धाडस होईपर्यंत ती पेन्शनीत जाईल," पारास्का म्हणाली आणि सात लाल कार्नेशन तिनं त्याच्या हातात दिली.

तासाभरात तो परत आला. फुलं हातात तशीच. मिरोस्लावानं दार उघडलं होतं, फुलं पाहिली होती, आणि पांढरीफटक पडून दार लावून घेतलं होतं. इतकं सांगून, फुलं टेबलावर ठेवून तो गेला.

पारास्काला दिवसभर काही सुचेना. दुसऱ्या दिवशी टेबल माझ्यावर सोपवून ती मिरोस्लावाच्या घरी गेली. परत आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मिरोस्लावाचा धाकटा भाऊ ओस्ताप अफगाणिस्तानच्या लढाईतून जस्ताच्या शवपेटीत आला होता. पेटी उघडायची परवानगी नव्हती. त्याचा चेहरा घरच्यांनी पाहिलाच नाही. पाहिली ती झाकणावरची लाल कार्नेशन. वीस फुलं. लष्करी कचेरीचा माणूस ती आमच्याच बाजारातून घेऊन गेला होता.

"माझ्याच हातांनी बांधली होती ग," पारास्का म्हणाली. "कुणासाठी, ते विचारलंसुद्धा नाही."

हे तिनं मिरोस्लावालाही सांगितलं, माफी मागितली. मिरोस्लावा म्हणाली, "मावशी, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना सांगा, रविवारी या. हातात काही आणू नका."

झेनोवी रिकाम्या हातानं गेला. मिरोस्लावाच्या आईनं बीटाचं सूप वाढलं, ओस्तापचे फोटो काढले, आणि तो संध्याकाळपर्यंत ऐकत बसला. असे कितीतरी रविवार गेले. त्यानं मागणी घातली ती एकदा ओस्तापच्या कबरीवरून परत येताना, ट्रॉलीबसच्या थांब्यावर. ती हो म्हणाली, आणि मग दोघंही रडले, असं त्यानंच आम्हाला सांगितलं.

लग्न सप्टेंबरात ठरलं. फुलं कुठली आणू, हे विचारायला पारास्का आधी त्यांच्या घरी गेली. मिरोस्लावा म्हणाली, आईला बघवतील ती आणा. म्हातारीनं अंगणातल्या जांभळ्या ॲस्टरकडे बोट दाखवलं.

लग्नाच्या सकाळी मी मधाची बरणी घेऊन पोचले, तेव्हा पारास्का त्यांच्या पायरीवर बसून त्या ॲस्टरचा गुच्छ बांधत होती. शेजारी म्हातारी बसली होती आणि ओस्ताप लहानपणी चपला कशा हरवून यायचा ते तिला सांगत होती.