आईच्या डोळ्यांतला भंडारा

नवरात्राची आठवी माळ चढवून मी मागे वळले आणि हातातली घंटा तशीच राहिली. अष्टमीसाठी घरी आलेल्या माझ्या लेकीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर एकटी राहून, ऑफिस सांभाळून, यंदा पहिल्यांदाच तिने माझ्याबरोबर नऊ दिवसांचा कडक उपवास धरला होता. पाणी आणि एक वेळ दूध, बस्स.

आमच्या घराण्यात या पिवळेपणाला वेगळं नाव आहे. चिकपेटेत राहणाऱ्या माझ्या आईचे डोळे दर नवरात्रात असेच पिवळे होतात. देवीचा भंडारा डोळ्यांत उतरला म्हणतात आणि अष्टमीला गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडायला येतात. मीही लहानपणापासून पडत आले. पण लेकीचे डोळे पाहून मला भंडारा आठवला नाही; कावीळ आठवली.

आईला फोन केला. "अगं वेडे, भाग्य उजाडलंय घरात, आणि तू दवाखान्यात काय नेतेस?"

तरीही मी पिशवी भरली. विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट, टॉवेल, कपड्यांचा एक जोड. घाबरले की मला यादीच सुचते. जे. पी. नगरच्या दवाखान्यात रक्त देऊन आम्ही बसलो. लेक भिंतीला टेकली होती, ओठ कोरडे. "थोडं खा गं," म्हटलं तर म्हणाली, "एकच दिवस उरलाय, आता मोडू? आणि अज्जी काय म्हणेल?" खरं तर मोडायला सांगताना माझीच जीभ अडखळत होती. मनात एकच धावा चालला होता, देवीआई, हिचं यकृत वाचव, काय ते तू बघ.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या बाईंनी डबा उघडला. देवळातला गोड पोंगल, गूळ-तुपातला भात होता. त्यांनी सरळ लेकीच्या तळहातावर ठेवला. "तिन्नम्मा, स्वल्प. थोडं खा, प्रसाद आहे." प्रसादाला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. लेकीने तो खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला. मला रडू फुटलं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "यकृत उत्तम आहे. रक्तातला पिवळा रंग बाहेर टाकायचं काम तेवढं सावकाश करतं. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. जन्मजात असतो, औषध लागत नाही. उपाशी राहिलं की डोळे पिवळे होतात. आधी हिला जेवायला घाला. घरात आणखी कुणाला असं होतं?"

डोळ्यांसमोर आईच्या पायांशी वाकलेली सगळी गल्ली उभी राहिली. बाहेर आले तर त्या बाई निघून गेल्या होत्या. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर आईची तपासणी केली. तेच निघालं. आई हळूच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं बायका माझ्या पाया पडल्या, त्या?"

"त्या देवीच्या पडल्या, आई."

"सरी, बरं तर," ती म्हणाली आणि हसली. "मग आता जेवूनच बसेन तिच्यासमोर."

देवी डोळ्यांतूनच येईल हे आम्ही ठरवून ठेवलं होतं. ती त्या बाईंच्या डब्यातून आली. आता मी तेवढंच मागते, ये, कशीही ये.