बाबांनी धरलेला हात

मंडळी, आज सकाळी माझ्या मुलीनं बाहुलीला साडी हवी म्हणून माझ्या बाबांनी हातमागावर विणलेली शेवटची साडी कात्रीनं कापली. माझा हात उठलाच.

बाबांनी तो वरच्या वर धरला. "काहून मारून राहिला गा पोरीले?"

"बाबा, लहानपणी मी मागावरचे धागे तोडले, तेव्हा तुम्ही मले किती झोडपलं होतं!"

मारलं त्याच संध्याकाळी मला मांडीवर घेऊन त्यांनी एकेक धागा सांधला होता. सुताच्या खळीचा तो वास अजून आठवतो.

बाबा हळूच म्हणाले, "तेव्हा माझा हात धराले कोणी नव्हतं गा."

मुलांना मारण्यावर कायद्यानं बंदी नको, असं मी कालपर्यंत ठासून सांगायचो. पण ज्या घरात असे आजोबा नाहीत, तिथं हात कोण धरणार?