काकीची शेवटची सुकेळी

परवा मी उन्हात वाळवलेली सुकेळी समजून बाजारातून साखरेच्या पाकातली केळी घेऊन आलो. वर गुंडाळलेल्या वाळक्या पानाचा वास मात्र खरा होता. त्या वासानं मला थेट आमच्या गावी उमेळ्यात, काकीसमोर नेऊन बसवलं. आजोबांनी रान तोडून लावलेली केळीची वाडी नुकतीच विकली गेली होती. काकी चटईवरची शेवटची राजेळी केळी उन्हात एकेक करून परतत होती.

"शिकून घेतोस का रे? माझ्यामागं कोन करनार?"

मी नवा नोकरदार, ऐटीत म्हणालो, "काकी, बाजारात मिळतात की."

आज त्या चटईशेजारी बसायला मिळालं, तर नोकरीही सोडीन. तेव्हा काकीनं मान वर न करता पुढचं केळं परतलं.

"आनि बाजाराला कोन देनार? सगळे तुझ्यासारखेच आयतखाऊ."