पाइपांतली ऊब

“पुण्यात हीटर कुणाला लागतो, साहेब?” मेकॅनिक माझ्या दादाला म्हणाला आणि धूर बाहेर सोडणाऱ्या वळणदार पाइपांचा नवा एग्झॉस्ट बाबांच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाला लावून पाहू लागला.

हे इंजिन हवेवर थंड होतं, त्यात हीटरला ऊब देणारं गरम पाणी नसतं. जुन्या पाइपांभोवती पत्र्याचं आवरण आहे. तिथे तापलेली हवा गाडीत पायांशी येते, तोच हीटर. नव्या पाइपांना आवरण नाही, म्हणून हीटरही नाही; आवाज मात्र दमदार. वाया जाणाऱ्या धगीतून ऊब काढायची ही रीत मला आमच्या घरातल्यासारखी वाटली. आमच्याकडेही माया सरळ येत नाही.

“छान दिसतोय,” बाबा म्हणाले आणि गुडघा चोळत राहिले.

दादा खूश झाला. मेकॅनिकने पाना उचलला.

“दादा, थंडीत बाबांचे गुडघे धरतात,” मी म्हणाले. “हीटर राहू दे.”