समस्त नागरिकांची ओळ

सौंसरच्या बाजारात मोरेश्वरभाऊंचा छापखाना होता आणि सुखदेव सोमकुवर तिथे वीस वर्षं छपाईचे शिशाचे खिळे, एकेक अक्षर, जुळवत होता. दिवाबत्तीसाठी, नळासाठी, शाळेच्या खोलीसाठी, गावात जेवढी पत्रकं निघाली तेवढी त्याच्या बोटांतून गेली. लिहिणारे एकजात शूर. फक्त खाली नाव घालायची वेळ आली की सगळ्यांचं नाव एकच: 'आपले विनीत, समस्त नागरिक'. ही ओळ इतक्यांदा लागायची की सुखदेवने ती एकदाच जुळवून, दोऱ्याने बांधून कोपऱ्यात ठेवून दिली होती.

१९८६ च्या उन्हाळ्यात पाळी त्याच्याच मोहल्ल्यावर आली. एका शेठने संत्र्याच्या बागेला तारेचं कुंपण घातलं आणि बौद्ध मोहल्ल्याची विहिरीकडे जाणारी पायवाट त्यात गिळली. बायकांना नाल्याकडून अर्ध्या कोसाचा वळसा पडू लागला. सुखदेवची बायको मनकर्णा पाणी घेऊन परतायची तेव्हा तिच्यात बोलण्याचंही त्राण नसायचं. सुखदेवने एकाच बैठकीत पत्रक लिहिलं, जुळवलं आणि सवयीने ती बांधलेली ओळ खाली लावली.

मोरेश्वरभाऊंनी प्रूफ वाचून चष्मा काढला. शेठ त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"शेठ मले विचारन, हे कोनं लिवलं? मी काय सांगू? नाव आन, मंग छापतो."

सुखदेव घरोघर फिरला. "समस्तात आमी आलोच न भाऊ," लोक म्हणाले. कोणाचं अख्खं घर शेठच्या बागेत कामाला होतं. अशा लोकांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पोटावर पाय कोणाला परवडतो? आणि सुखदेवची स्वतःची भाकरी तरी कुठे वेगळ्या चुलीवर शिजत होती?

चौथ्या दिवशी त्याने ती ओळ उचलून बाजूला ठेवली आणि तिथे स्वतःचं नाव जुळवलं. मोरेश्वरभाऊंनी ते नाव वाचलं आणि मशीन सुरू केलं.

बाजाराच्या दिवशी त्याने पत्रकं स्वतः वाटली. दुपारी शेठ कागद मुठीत धरून छापखान्यात आले.

"हा सुखदेव सोमकुवर कोन होय?"

दहा वर्षं शेठ छापखान्यातल्या याच बाकावर बसून चहा पीत होते.

"मीच, शेठजी," खिळ्यांच्या पेटीपासून सुखदेव म्हणाला. "तुमच्या तिन्ही पोरींच्या लग्नपत्रिका मीच जुळवल्या."

शेठनी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मोरेश्वरभाऊंकडे वळून म्हणाले, "याले काढा."

"मंग जुळवन कोन?" मोरेश्वरभाऊ म्हणाले. "मले तं जमत नाही."

शेठ गेले आणि त्यांचं कामही गेलं. सुखदेवला वाटलं, आपण एका नावापायी दोन घरं बुडवली.

संध्याकाळी छापखान्याच्या पायरीवर मनकर्णा उभी. मागे मोहल्ल्यातल्या बाया.

"अवो, दुसरं पत्रक काढा. त्यात माहं नाव टाका. अन् या सगळ्याईचं बी."

कुंपण हटायला पुढे दोन महिने लागले, ते वेगळं. त्या संध्याकाळी मात्र सुखदेव एकेक नाव विचारून जुळवत गेला. कमल, चंद्रकला, मनकर्णा. चाळीस नावं झाली आणि 'क'चा कप्पा रिकामा झाला. एकेचाळिसावी कलाबाई समोर वाट पाहत होती.

सुखदेवने कोपऱ्यातली बांधलेली ओळ घेतली, दोरा सोडला आणि 'नागरिक'मधला 'क' काढून कलाबाईच्या नावाला लावला.