धुलाईघराची इनचार्ज

इस्पितळाच्या धुलाईघरात माईंना सत्तावीस वर्षं झाली होती. पाय संध्याकाळी सुजायचे आणि सकाळी उतरायचे. अलीकडे सकाळीही उतरेनासे झाले होते. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, आणि ते कोणाच्या अध्यात-मध्यात न पडता काढायचे एवढीच त्यांची इच्छा होती. नेमके तेव्हाच जुने इनचार्ज आजारपणानं घरी बसले आणि मॅनेजरनं माईंच्या मागे लकडा लावला. माईंनी तीनदा नाही म्हटलं. इनचार्ज म्हणजे काय, तर यंत्र बंद पडलं की बोलणी खायची, आणि चालू असलं की कोणी ढुंकूनही बघत नाही.

मग सुई टोचली. वॉर्डातून आलेल्या चादरींच्या गाठोड्यात वापरलेली सुई राहून गेली होती. ती रबरी मोज्यातून थेट तिथंच कामाला असलेल्या माईंच्या धाकट्या जावेच्या तळहातात घुसली. खरं तर नियम असा, की गाठोडं टेबलावर सोडायचं, एकेक चादर चिमट्यानं उचलून झटकायची आणि मगच यंत्रात टाकायची. जाऊ मात्र गाठोडं बांधलेलंच ठेवून वरून तळहातानं दाबून बघायची. कडक काही लागलं नाही, की गाठ सोडून सगळं एकदम आत. रक्ताची पहिली तपासणी ठीक आली होती. पुढची तीन महिन्यांनी होती.

नियम मोडला म्हणून तिला कामावरून काढणार, ही बातमी धुलाईघरभर झाली. जाऊ कोणाला दोष देईना. विचारलं की म्हणायची, टोचली माझ्याच हाताला.

रविवारी उपासना संपल्यावर माईंनी पाळकांना गाठलं. त्यांना दोन बाप्तिस्मे आणि एक अंत्यविधी उरकायचा होता. मी प्रार्थना करतो, एवढं म्हणून ते निघाले. ती तर माईंनाही येत होती. म्हणून त्या रिकाम्या बाकावरच बसल्या आणि डोळे मिटले. प्रभू, माझ्या जावेची चूक पोटात घाल, असं त्या म्हणायला गेल्या आणि चूक या शब्दापाशी अडकल्या.

गाठोडं दाबून बघायला तिला शिकवलं कोणी? बारा वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्याच आठवड्यात, गाठोड्यांचा ढीग छताला लागला होता आणि ती रडकुंडीला आली होती. तेव्हा माईंनीच तिचा हात धरून गाठोड्यावर ठेवला होता. असं दाब, आपोआप कळतं. नंतर आलेल्या प्रत्येकीला त्यांनी हेच शिकवलं होतं. माई देवावर चिडल्या, अगदी मनापासून चिडल्या. जावेसाठी दया मागायला आले, तर हे माझ्या पदरात कशाला? पाय ठणकत होते आणि आत्ता उठून सरळ घरी जावं, असंच वाटत होतं.

सोमवारी त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. "अहवालात लिहा, ही पद्धत मी शिकवली. तिनं मी सांगितलं तसं केलं."

मॅनेजरनं चष्मा काढला. हे नोंदीत जाईल, मग इनचार्ज कसं करणार तुम्हाला, असं त्यानं विचारलं.

"करा साहेब. आजवर मला नको होतं. पण सगळ्याजणींना ही सवय मी लावली. ती मोडायला दुसरं कोण येणार?"

त्याच्याकडेही दुसरं कोणी नव्हतंच. नेमणुकीचं पत्र आणि ताकीद, दोन्ही एकाच पाकिटात मिळाली. जावेची नोकरी राहिली.

माईंचा पहिला हुकूम म्हणजे प्रत्येक चादर झटकायची. त्यानं काम तासभर लांबलं. तिसऱ्या दिवसापर्यंत बायकांची तोंडं फुगली, आणि मधल्या सुट्टीत माईंच्या बाकावर कोणी बसेना. एवढं थकून वर हे, असं त्यांच्या मनात आलंच. तेवढ्यात जाऊ चहाचे दोन कप घेऊन शेजारी येऊन बसली. हाताला अजून पट्टी होती.

"मला आठवत होतं," ती म्हणाली, "कोणी शिकवलं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठ्या. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."