दुभाजकातली रेल्वे

हायवेच्या दुभाजकावर माझ्या आत्याच्या यजमानांइतकं प्रेम अख्ख्या पालघर जिल्ह्यात कुणी केलं नसेल. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चिंचणीला त्यांची चिकूची वाडी आहे. तिच्यातून मालगाडीची लाइन जाणार अशी मोजणी झाली, आणि मामांना उपाय सुचला: हायवेच्या मधोमध रूळ टाका, मालगाडी, पॅसेंजर, सगळं तिथूनच न्या. दुभाजकातल्या कण्हेरीशिवाय कुणाला उठवावं लागणार नाही. पाहुणा चहाला आला की ते दोन चमचे समांतर ठेवून त्यांच्यावरून बिस्किटाची गाडी चालवून दाखवत. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून मला ते इंजिनेर म्हणत. मी बी.ए.ला आहे, हे दोनदा सांगूनही काही फरक पडला नाही.

रविवारी स्कूटरवर मला मागे बसवून ते हायवेवरच्या चिल्हार फाट्याला जात आणि चिकू काढायच्या बांबूनं दुभाजक मोजत. "टेप मोजणीवाल्यांचा, बांबू माझा," म्हणत. एकदा एक ट्रकवाला ओरडला, "चाचा, यहाँ चिकू नहीं लगता!" मामांनी त्याला गार्डसारखा हात दाखवला. मग स्टेशनचीही चाचणी झाली. आत्याला टोपलीसकट दुभाजकात उभं करून मामा म्हणाले, "समज, तू गाडीतून उतरलीस." दोन्हीकडून कंटेनर धावत होते. बराच वेळ उभी राहून आत्या ओरडली, "अवो, उतरले मी! आता जाऊ कुठं? इथंच संसार मांडू?" त्या दिवसापासून मामांच्या रेल्वेला पूल जोडला गेला.

यंदा पुन्हा मोजणी झाली आणि लाइन सरकली. वाडी वाचली. आत्यानं खीर केली. पण नवी लाइन पाड्यावरच्या बुध्यादादांच्या भातखाचरातून जाणार होती. बुध्यादादा आमच्याकडे चिकू काढायला येतात. त्यांचं म्हणावं असं तेवढं खाचरच. खिरीची वाटी हातात धरून ते म्हणाले, "तुमचं वाचलं, बरं झालं, शेट." खीर मात्र त्यांनी खाल्ली नाही. मग मामांनाही ती जाईना.

पुढच्या रविवारी मामा स्कूटर पुसताना दिसले. आत्या म्हणाली, "आता कशाला? आपली वाडी राहिली ना?"

"राहिली. पण रूळ कुणाच्या तरी दारातून जाणार हाय. दुभाजकात कुणाचं दार नाय."

या खेपेला मागे बुध्यादादा बसले. मी फाटकाशी उभी होते. निघताना मामांनी विचारलं, "काय गं, होईल ना?" शिकलेलं माणूस काय सांगतं, म्हणून दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मला 'होईल' म्हणवेना, आणि 'नाही' म्हणणं तर त्याहून जड.

"सांभाळून जा," मी म्हटलं. "ट्रक फार असतात तिथं."